पाद्री दिसेपर्यंत म्हणायचं गाणं

लॅटिन होती तोवर आम्ही सगळ्यांच्या बरोबरीने अडाणी होतो. बेंगळुरातल्या आमच्या चर्चमध्ये तमिळ, कन्नड, मंगळुरी, अँग्लो-इंडियन अशी सगळी माणसं दाटीवाटीने बसत, आणि पाद्री वेदीपाशी लॅटिनमध्ये काय म्हणताहेत ते त्यांतल्या कुणालाच कळत नसे. माझी आई तर या अडाण्यांमध्ये वरचढ होती. तिला मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेची, सगळी लॅटिन उत्तरं तोंडपाठ होती. लहानपणी गावाकडच्या पाद्र्यांनी ती तिच्याकडून घोटून घेतली होती. शेजारची अँग्लो-इंडियन बाई पुस्तकात बोट ठेवून अडखळत वाचायची आणि आई पुस्तकाकडे ढुंकूनही न बघता खणखणीत उत्तर द्यायची. तेवढा रविवारचा एक तास या शहरात तिची मान ताठ असे.

बाकी आठवडाभर तसं नव्हतं. आमचं गाव बेळगावच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. एकोणीसशे पन्नासनंतर वडिलांना बेंगळुरात विमानाच्या कारखान्यात टर्नरची नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. वडील कारखान्यात कन्नड शिकले, कामापुरतं तमिळही शिकले. आईला मात्र भाजी घेण्यापुरतंच कन्नड येई. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर तिने इतकी वर्षं संसार केला, असं वडील चिडवायचे. दुकानदार, डॉक्टर, शाळेतल्या बाई, सगळ्यांशी तिच्या वतीने एक तर वडील बोलायचे नाही तर मी.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन तेव्हा रोमहून नियम आला की यापुढे मिस्सा लोकांच्या भाषेत व्हावी. सगळ्या चर्चमध्ये आनंदीआनंद झाला आणि आमच्या घरी सुतक पडलं. लोकांची भाषा म्हणजे कुठल्या लोकांची, हे ठरायला फार वेळ लागला नाही. एक मिस्सा इंग्रजीत, एक तमिळमध्ये, एक कन्नडमध्ये. त्या चर्चमध्ये मराठी बोलणारे म्हणजे आमचं एक घर. तेवढ्यासाठी कोण कशाला चौथी मिस्सा करील? आईने तिन्ही करून बघितल्या. तिन्हींमध्ये ती ओठ मिटून बसली. शेजारची अँग्लो-इंडियन बाई आता पुस्तकाविना उत्तरं देऊ लागली होती, आणि आईकडे दयेने बघत होती. ती दया आईला फार झोंबली.

एका रविवारी घरी येऊन तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि वडिलांना सांगितलं, "आता देवाला बी माझं बोलणं कळंना झालंय. मी पोरांना घेऊन गावाला राहतो."

आमच्या गावाकडे बायका 'जातो', 'राहतो' असंच बोलतात. पण त्या दिवशी मला त्या 'राहतो'मध्ये वेगळाच करारीपणा ऐकू आला. ती तोंडची वाफ दवडणारी बाई नव्हती. वडिलांनी तिला समजावलं, मुलांच्या शाळेचं काय, क्वार्टर्सचं काय, असं सगळं विचारलं. शेवटी तिने एक अट घातली. या देवळात एकदा तरी तिला आपल्या बोलीत देवाला हाक मारायला मिळाली पाहिजे. मिळाली तर ती राहील. नाही तर नाताळला गावी जाईल ती परत यायची नाही. मला बेंगळूर सोडायचं नव्हतं. त्यामुळे आईइतकाच माझाही जीव टांगणीला लागला.

वडील तिला घेऊन पाद्र्यांकडे गेले. पाद्री तमिळ होते, वयाने साठीच्या पुढचे, उंच, मोजकं बोलणारे. लोक त्यांना स्वामी म्हणत. पहिल्या खेपेला ते बाहेर गेले होते. दुसऱ्या खेपेला त्यांना वेळ नव्हता. तिसऱ्या खेपेला आई त्यांच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिली आणि मी तिच्या शेजारी बसून राहिले. तोवर वडीलही कारखान्यातून अर्धी रजा टाकून आले. शेवटी स्वामींनी आत बोलावलं. तिथे त्यांचे गायकवृंदाचे मास्तरही बसले होते. नाताळच्या गाण्यांची वाटणी चालली होती. मास्तर म्हणाले, मराठी गाणं कुणासाठी म्हणायचं, एका कुटुंबासाठी? नाताळची रात्र इंग्रजीची, सकाळ तमिळची, दुसरी मिस्सा कन्नडची, सगळं भरलेलं आहे.

वडिलांनी हे मराठीत आईला सांगितलं. आई म्हणाली, "नाताळ कुणाला पाहिजे? आगमनाच्या काळातला एक रविवार द्या की."

हे मात्र त्या दोघांनाही अनपेक्षित होतं. नाताळच्या आधीचे ते चार आठवडे कोणालाच नको असत. वेदीवर फुलं नाहीत, जांभळी वस्त्रं, आनंदाची गाणी बंद. गायकवृंदाचं सगळं लक्ष पुढच्या नाताळकडे. आमच्या घरी तर या दिवसांत कढई पालथी पडे. तळणं नाही, गोड नाही, लग्नाचं जेवण असलं तरी आई तिथून ताक-भात खाऊन परत यायची. जन्माला यायचा तो अजून यायचा आहे, आधीच कसलं तोंड गोड करता, असं तिचं म्हणणं. आम्ही भावंडं कुरकुरायचो, पण नाताळच्या सकाळी पहिली करंजी तोंडात पडली की तिच्या शिस्तीचा अर्थ जिभेला कळायचा.

स्वामींनी थोडा विचार केला आणि अट घातली की एक बाक भरेल एवढी गाणारी माणसं आणा, शेवटचा रविवार तुमचा. मास्तर हसले. आम्ही सगळे मिळून अर्धा बाकही भरत नव्हतो, हे त्यांना ठाऊक होतं. घरी येताना वडील आपली माणसं बोटांवर मोजत होते. आई मात्र आधीच बाक भरायच्या उद्योगाला लागली होती, हे तिच्या चालण्यावरून मला कळत होतं.

आमच्या समोरच्या घरात पुण्याच्या काकू राहत. त्यांचे यजमान संशोधन खात्यात इंजिनिअर. काकूंनी आजूबाजूच्या मराठी बायकांचं भजनी मंडळ चालवलं होतं. दर गुरुवारी त्यांच्याकडे पेटी, टाळ, आणि नंतर साबुदाण्याची खिचडी. काकूंचं आणि आईचं नातं मोठं गमतीचं होतं. आईच्या 'मी येतो'ला काकू हसायच्या, आणि काकूंच्या पुणेरी सुरात 'चहा घेणार का' म्हणून विचारण्याला आई हसायची. घ्यायचाच असतो, विचारता काय, असं तिला वाटे. पण अख्ख्या गल्लीत आईशी आईच्या भाषेत भांडू शकणारी तेवढी एकच बाई होती, म्हणून दोघींचं पटायचं.

आईने काकूंना सगळं सांगितलं. मी जवळच होते. मला वाटलं, काकू सोवळ्याच्या, गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या, त्या कशाला चर्चमध्ये येतील? काकूंनी एवढंच विचारलं की गाणं कसलं आहे. आई म्हणाली, देवाला ये म्हणायचं गाणं आहे.

"एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "मग आम्हाला ते रोजचंच आहे. येतो आम्ही सगळ्या."

त्या 'येतो'वर दोघी मनसोक्त हसल्या.

आता त्या गाण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळे झालं. आईच्या गावी छोटंसं कौलारू देऊळ होतं, पण गावात राहणारे पाद्री नव्हते. ते तालुक्याहून सायकलने येत, जंगलातून, ओढा ओलांडून. येणार म्हणजे येणार, पण केव्हा ते कुणी सांगू शकत नसे. आगमनाच्या रविवारी सगळा गाव देवळाशी जमे आणि बायका गाणं धरत. पाद्री वळणावर दिसेपर्यंत ते म्हणायचं, दिसले की थांबायचं, असा रिवाज. सायकल पंक्चर झाली तर दुपार होई. मग काही बायका घरी जाऊन म्हैस पिळून परत येत, पण गाणं तुटू देत नसत. ध्रुपद साधं होतं:

दार उघडं ठेवलंय, दिवा लावलाय,
ये रे राजा ये, वाट बघतोय.

आणि मधल्या ओळींत घरात काय काय तयार आहे ते सांगायचं. भात मळून झालाय. खळं सारवलंय. म्हैस व्यालीय. जिला जे सुचेल ते तिने जोडायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. म्हणजे या गाण्याला सुरुवात होती, पण शेवट नव्हता. शेवट सायकलवरून यायचा.

काकूंच्या घरी तालमी सुरू झाल्या. काकूंनी पेटीवर सूर धरला, दोघींनी टाळ घेतले, आणि त्या साध्या गाण्याला असा काही डौल आला की आईला आधी ओशाळल्यासारखं झालं आणि मग आवडायला लागलं. फक्त एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. तालीम रोज आपोआप मोडायची. कारखान्याचा भोंगा व्हायचा, मुलं शाळेतून यायची, नाही तर नळाला पाणी यायचं आणि सगळ्या बादल्या घेऊन पळायच्या. गाणं थांबवायचं कसं, हे आम्ही कधी ठरवलंच नाही.

तो रविवार उजाडला तेव्हा बेंगळुरात थंडी मी म्हणत होती. धुकं असं की समोरचं चर्च जवळ जाईपर्यंत दिसेना. काकू आणि त्यांच्या मंडळातल्या बायका इस्त्रीच्या साड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांत अबोलीचे गजरे अशा आल्या. चपला त्यांनी बाहेर ओळीने काढून ठेवल्या. पेटी वडिलांनी उचलली होती. आम्ही पुढच्या बाकावर बसलो आणि तो बाक नुसता भरला नाही, आम्हाला मागच्याही बाकावर दोघी बसवाव्या लागल्या. मास्तर घाईने स्वामींकडे गेले. या बायका आपल्यातल्या नाहीत, असं ते सांगत असणार. स्वामींनी आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मास्तरांना दोन वाक्यांत परत पाठवलं. वडिलांच्या कानावर ती पडली होती. स्वामी म्हणाले होते, मी बाक भरायला सांगितलं होतं, बाक भरला आहे.

आमचं गाणं इंग्रजी मिस्सात, प्रवचनानंतर होतं; त्या मिस्साला सगळ्याच भाषांची थोडीथोडी माणसं येत. स्वामी वेदीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. काकूंनी सूर दिला. आईने पदर सारखा केला आणि म्हणायला लागली. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला, दुसरीला सावरला. 'ये रे राजा ये' आम्ही सगळ्यांनी उचललं. या देवळात आमचे शब्द मी प्रथमच ऐकत होते. भात मळून झाला, खळं सारवून झालं, म्हैस व्याली, सगळं छान झालं. आता थांबायला हरकत नव्हती.

पण आई थांबेना. ती स्वामींकडे बघत होती. काकू आईकडे बघत होत्या, कारण भजनात पुढे म्हणणारी खूण करते तेव्हाच पेटी थांबते. आणि स्वामी आमच्याकडे बघत होते. एवढ्या मनाने म्हणताहेत, मध्येच कसं तोडायचं, म्हणून ते बिचारे सभ्यपणे उभे. गाणं आपलं चाललंय. माझ्या तेव्हा लक्षात आलं की पाद्री आधीच आलेले असले तर काय करायचं, याची आईच्या गावात सोयच नव्हती.

थोड्याच वेळात गावाकडच्या ओळी संपल्या. आईने क्षणभरही सूर सोडला नाही. तिने सुरू केलं की कारखान्याचा भोंगा झालाय. आम्ही उचललं. मग नळाला पाणी आलंय. तेही उचललं. मग क्वार्टर झाडलंय, दुकानदारानं स्वल्प तेल दिलंय. इथे काकूंना हसू आवरेना. त्यांनी पेटीत तोंड खुपसलं, पण भाता काही थांबवला नाही. मंडळातल्या एका बाईने उत्साहाने खिचडी भिजवलीय अशीही एक ओळ जोडली. मी लाजेने अर्धमेली झाले होते. सगळं चर्च आमच्याकडे बघतंय, आता मास्तर येऊन हाताला धरून बाहेर काढतील, आणि आई उद्याच्या गाडीने गावाला जाईल, असं मला दिसायला लागलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. आधी मला कळलंच नाही काय ते. मागच्या तमिळ बाया 'ये रे राजा ये' म्हणू लागल्या होत्या. इतक्या वेळा ऐकून त्यांना तेवढं पाठ झालं होतं. मग पुरुषांच्या बाजूने. मग पलीकडून कन्नड माणसं, आणि कुणीतरी बाकावर ताल धरला. शेजारच्या त्या अँग्लो-इंडियन बाईने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं आणि ती आईच्या ओठांकडे बघून, चुकत माकत, आमचे शब्द म्हणत होती. आईने तिच्याकडे बघितलं. दयेने नाही. बरोबर म्हणतेस, असं सांगितल्यासारखं मान हलवली आणि पुढची ओळ धरली. माझी लाज कुठल्या कुठे पळाली. एवढा अभिमान मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटला आहे, आणि तो लपवायचं मला अजूनही कारण दिसत नाही.

शेवटी स्वामींनाच पाऊल उचलावं लागलं. ते वेदीच्या पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेने आमच्या बाकाकडे चालत आले. थांबा, असं सांगायलाच येत होते, यात शंका नाही. पण आईने त्यांना येताना बघितलं, आणि ओळीच्या शेवटी, टाळाच्या ठोक्यावर, ती थांबली. आम्हीही थांबलो. पाद्री दिसले होते.

मिस्सा संपल्यावर स्वामी दाराशी उभे होते. त्यांनी वडिलांना कन्नडमध्ये विचारलं की तुमच्या मंडळींनी एवढा वेळ का लावला, आधी का नाही थांबल्या. वडील सवयीप्रमाणे आईच्या वतीने काहीतरी सारवासारव करायला लागले, माफी वगैरे. आईने त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना गप्प केलं, आणि भाजीवालीशिवाय दुसऱ्या कुणाशी ती आयुष्यात पहिल्यांदाच कन्नड बोलली.

"नीवु बरलिल्ल, स्वामी."

तुम्ही आलाच नाहीत, स्वामी. मोडकं नाही, अडखळलेलं नाही, सरळ. स्वामी चक्रावले. मग वडिलांनी त्यांना आमच्या गावची, सायकलची, वळणाची सगळी हकिगत सांगितली. स्वामी खूप वेळ ऐकत राहिले. त्यांना हसू आलं, मग ते हसायचे थांबले. एवढंच म्हणाले की म्हणजे चूक माझी होती, मी आधीच येऊन उभा होतो.

आई गावाला गेली नाही. पुढेही कधी तसं बोलली नाही. आणि पुढच्या वर्षी आगमनाचा काळ सुरू व्हायच्या आधी स्वामी स्वतः आमच्या घरी आले. चहा प्यायले, आणि म्हणाले की शेवटच्या रविवारी ते आत येणारच नाहीत. फाटकाबाहेर उभे राहतील. सगळं चर्च मिळून गाणं म्हणेल, आणि ते झालं की मग ते दारातून येतील, तुमच्या गावात येतात तसे. फक्त आत केव्हा यायचं ते त्यांना कसं कळणार? आईने ते लगेच सोडवलं. वडील दारात उभे राहतील, ती मान हलवेल, आणि वडील स्वामींना खूण करतील.

त्या रविवारी तमिळ, कन्नड, इंग्रजी, तिन्ही मिस्सांची माणसं एकत्र आली होती. बाक पुरले नाहीत. गायकवृंदाच्या मास्तरांनी आपल्या पोरांकडून ध्रुपद घोटून घेतलं होतं. आई उभी राहून म्हणत होती, सगळं चर्च तिच्यामागून. बाहेर धुक्यात, जांभळी वस्त्रं घालून, हात चोळत स्वामी उभे होते. भात मळून झाला, खळं सारवून झालं, भोंगा झाला, नळाला पाणी आलं. वडील दारातून आईकडे बघत होते. काकूंनी पेटीमागून तिला कोपराने ढोसलं.

आईने बघितलं, बाहेर स्वामी उभे आहेत ते तिला नीट दिसत होतं. त्यांच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर दुपारपर्यंत बसलेली आई मला आठवली; तिने मान हलवली नाही. तिने आणखी एक ओळ धरली, मग आणखी एक.